येते म्हणायला वेळ

डंडीत रात्रीचे अडीच. मे महिना, तरी हीटर.
टे नदीवर धुकं इतकं
की रेल्वेच्या पुलाचे दिवे पुलाशिवायच लटकलेले.
ऑफिसात आम्ही दोघी
आणि शून्य बाइटची एक फाइल.

शून्य बाइट म्हणजे रिकामीसुद्धा नाही.
रिकाम्या डब्याला निदान डब्याचं वजन असतं.

बेटांवर जाणाऱ्या फेरीबोटींचं वेळापत्रक सांभाळणारा
आमचा सर्व्हर रोज पहाटे पाच-चाळीसला
ओल्या गोणपाटासारखा जड होतो.
का, ते कळावं म्हणून प्रोफायलर लावला,
सेकंदाला हजारदा नाडी बघणारा वैद्य.
चार रात्री त्यानं नाडी बघितली
आणि चारही सकाळी चिठ्ठी कोरी.

एली म्हणाली, आवृत्ती जुनी असेल. बदलली.
परवानगी नसेल. दिली.
डिस्क भरली असेल. अर्धी मोकळी होती.
मी उगाच तिच्यावर चिडले,
ती उगाच चहा करायला उठली.

मग माझ्या लॅपटॉपवर तोच कोड, तोच प्रोफायलर.
कंट्रोल-सी दाबलं
आणि फाइल आली, चार एमबीची, गुटगुटीत.
दुसऱ्याच्या बाळाकडे बघावं तशा बघत राहिलो.

इथे मरते कशी, एलीनं विचारलं, आणि तिथे मरते कशी?
चार दिवस आम्ही फक्त
ती जगते कशी, तेवढंच तपासत होतो.

रोज सहाला जुनी प्रोसेस काढून नवी उभी करणारी
बारा ओळींची स्क्रिप्ट.
लिहिणारा कुणी ड्युगल्ड, आता ऑर्कनीत मेंढ्या पाळतो.
आधी पंधरा नंबरचा सिग्नल: आवरून घे.
मग दहा सेकंद.
मग नऊ नंबर, ज्याच्यापुढे दाद ना फिर्याद.
आणि प्रोफायलर सगळं मनात धरून ठेवतो,
लिहितो फक्त निघताना, उंबऱ्यात उभं राहून.
त्याला लागतात चौदा.

मी एलीला सांगितलं, आमच्याकडे
निघताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात,
आणि ते म्हणायला दारात तासभर लागतो.
माझ्या आत्याला दीड, ती म्हणाली.
दहाच्या जागी साठ लिहिले. एवढंच.

सहा वाजून चौदा सेकंदांनी फाइल आली.
ज्वाळांचा आलेख उघडला, पिवळा, केशरी,
एका फंक्शनच्या डोक्यावर दुसरं, त्याच्यावर तिसरं,
आणि मधोमध एक रुंद पठार,
एकसष्ट टक्के. नाव: अनामिक.

अनामिका म्हणजे करंगळीशेजारचं बोट.
त्यात अंगठी घालतात, दर्भाचं पवित्रक घालतात,
सगळं घालतात, नाव तेवढं देत नाहीत.

फाइल उघडली, ओळ दोनशे सात.
माझीच. तीन वर्षांपूर्वीचा एक शुक्रवार, साडेचार,
पब गाठायची घाई.
प्रत्येक बोटीसाठी वर्षभराची भरती-ओहोटी
पहिल्या पानापासून पुन्हा वाचणारं फंक्शन.
वाचलेलं लक्षात ठेव, हे त्याला सांगायचं राहिलं.
नाव द्यायचंही.

एलीनं नावं ठेवली नाहीत.
हसलीसुद्धा नाही, ते जास्त लागलं.
दुरुस्ती नंतर, आधी मीच ठेवलं एक नाव:
भरती_वाच. साधंच.
वर माझी आद्याक्षरं, तारीख.

बाहेर दिव्यांखाली हळूहळू पूल परत येत होता.
एका सीगलनं कुणाचे तरी कालचे चिप्स
कागदासकट पळवले.
अजून अकरा टक्के कुठे जातात, माहीत नाही.

एलीनं कोट चढवला, येते म्हणाली,
य जरा बोटीच्या भोंग्यासारखा लांबवून,
आणि दारातच थांबली,
एक हात बाहीत, एक बाहेर,
अकरा टक्क्यांबद्दल बोलत.